दाराची डावी बाजू

११ फेब्रुवारी २०१८

दादा,

सकाळी पाऊस होता, मग थांबला. मी दुकानाच्या फळ्या काढल्या. दोन जोड कापडी बूट विकले गेले. दुपारी भाताबरोबर मोहरीच्या पाल्याचं लोणचं खाल्लं. जेवण होतंय तोवर पर्यटकांसाठी पेठ चालवणाऱ्या कंपनीची माणसं शिडी घेऊन आली आणि आपल्या दाराच्या दोन्ही बाजूंना नववर्षाच्या ओळी लिहिलेले लाल कागद चिकटवून गेली. अंधार पडायच्या आत मी ते खरवडून काढले.

एवढाच दिवस.

मी तुला फोनवर लिहीत नाही, कारण फोनवर लिहिलं की तू उत्तरादाखल अंगठा पाठवतोस. कागदावर तुला अंगठा पाठवता येणार नाही.

आई गेल्यानंतरचं हे दुसरं नववर्ष. आपल्याकडे पहिल्या वर्षी दाराला पांढरा कागद, दुसऱ्या वर्षी हिरवा, तिसऱ्या वर्षी पुन्हा लाल. तुला हे मी सांगायची वेळ यावी, याचाच मला जास्त राग आला आहे. बाबा गेले तेव्हा तिन्ही वर्षं कागद तूच लावले होतेस. तू स्टुलावर उभा होतास आणि मी खालून "डावीकडे वाकडा गेलाय" म्हणून ओरडत होते. आई खळीचं पातेलं धरून उभी होती.

मी त्या माणसांना विचारलं, कुणाला विचारून लावलेत? तेव्हा त्यांचा साहेब पुढे आला. लुओ नावाचा आहे, उत्तरेकडचा, तिशीचा असेल. अंगाने बारीक, बोलायला मऊ.

"काकू, रागावू नका ना. तुमच्या दादांना विचारलंय. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून मुद्दाम थोरल्यांना विचारलं."

आणि त्याने फोन पुढे धरून तुझा आवाज लावला.

"हो हो, लावा की. माझी काय हरकत असणार? बहीण जरा जुन्या वळणाची आहे. गोड बोललात की ऐकते."

दीड वर्षाने तुझा आवाज ऐकला, दादा. परक्या माणसाच्या फोनमधून, भर रस्त्यात. शेजारच्या जिन काकू तिळाच्या रोट्या भट्टीतून काढत होत्या, त्यांनीही ऐकला. त्या म्हणाल्या, "आवाज जाड झालाय गं त्याचा. चांगलं खात असणार."

लुओ म्हणाला, "सगळी पेठ एकसारखी दिसायला हवी, काकू. एकच दार रिकामं राहिलं तर फोटोत दात पडल्यासारखं दिसतं."

"पडलाच आहे," मी म्हटलं. "माझी आई गेली आहे. या दाराला यंदा हिरवा कागद लागतो. हिरवा म्हणजे दुखवटा."

तो फोनमध्ये बघत होता. "हं. हिरवा चालेल. हिरवा पण छान दिसेल."

म्हणून मी हिरवा लावला. मजकूर छंग गुरुजींनी लिहून दिला. ते आता लोकांचे कागद लिहून द्यायला पुलाच्या तोंडाशी टेबल टाकून बसतात. आईला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे त्यांना फार विचार करावा लागला नाही. रस्त्यावरून बघताना उजवीकडे: सुई घरात आहे, हात नाही. डावीकडे: दार उघडं आहे, हाक नाही.

पुढच्या नववर्षाला दुखवटा संपतो. लाल कागद थोरल्या मुलाने लावायचा असतो. तेव्हा तू ये. ही विनंती नाही.

सूलान


८ एप्रिल २०१८

दादा,

डोंगरावर जाऊन आईबाबांच्या थडग्यांवरचं गवत काढून आले. तुझ्या नावाची उदबत्ती मी लावली नाही. ती मी लावायची नसते.

इकडे एक प्रकार चालू झाला आहे. मार्चमध्ये एक मुलगी आली. पुलाजवळच्या दुकानात जुन्या काळचे रेशमी झगे तासावर भाड्याने मिळतात, तसा झगा घातलेला, हातात कागदी छत्री. आपल्या दारासमोर उभी राहून तिने फोटो काढून घेतले. पांढरी भिंत, काळं लाकूड आणि मध्ये हिरवा कागद. तो फोटो कुठेकुठे गेला मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून दारात रांग लागते.

मी आत बसून बुटांच्या तळव्यांच्या कडा कापत असते. बाहेरून आवाज येतो, "काकू, जरा मागे सरकता का? फोटोत येताय."

माझ्याच दुकानात मी मागे सरकते. सुरुवातीला सरकत होते, आता नाही सरकत. आता मी त्यांच्या फोटोत आहे.

एकीने विचारलं, "काकू, हा रंग कुठून आणला? किती शांत वाटतं बघून."

मी म्हटलं, "हा दुखवट्याचा रंग आहे. माझी आई वारली."

तिने तोंडावर हात ठेवला. "अय्या, खरंच?" मग मैत्रिणीकडे वळली. "अगं, ऐकलंस? आणखीच सुंदर!"

जिन काकूंनी हे ऐकलं आणि गरम रोटी हातातून खाली पडली. पडलेली रोटी झाडून त्यांनी त्याच मुलीला विकली.

हे सगळं मी सहन केलं असतं. ती परकी मुलं आहेत, मोठ्या शहरांत बाराव्या मजल्यावर वाढलेली, त्यांच्या दाराला कागद लावायला भिंतच नाही. त्यांच्यावर मी का रागवू? पण परवा फोन वाजला. तू पाठवलेला फोटो होता. तोच, छत्रीवाल्या मुलीचा. खाली लिहिलं होतंस, "बघ, आपलं दार प्रसिद्ध झालं!" आणि अंगठा.

तुला फोटोत छत्री दिसली. कागदावर काय लिहिलंय ते तू वाचलंस का? आईबद्दल आहे ते. दोनच ओळी आहेत.

सूलान


२ ऑक्टोबर २०१८

दादा,

काल राष्ट्रदिनाची मोठी सुट्टी सुरू झाली. पहाटे फळ्या काढायला बाहेर आले आणि मला आधी कळेनाच. सगळी पेठ हिरवी होती.

चहाचं दुकान, शाईच्या दगडांचं दुकान, दुधाच्या चहाचं नवीन दुकान, नुकतंच लग्न झालेल्या त्या दोघांची खाणावळ. प्रत्येक दाराला दोन हिरवे कागद. जवळ जाऊन वाचलं. सुई घरात आहे, हात नाही. दार उघडं आहे, हाक नाही. छंग गुरुजींचंच अक्षर. फोटो काढून छापलं होतं, 'नाही'च्या शेवटी जो शाईचा ओघळ आहे तोसुद्धा.

माझ्या आईचा दुखवटा त्यांनी छापून वाटला होता.

मग एकेक दार उघडायला लागलं. जिन काकू बाहेर आल्या, त्यांनी वाचलं आणि चिमटा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. "कोण तो मेला? माझा म्हातारा जिवंत आहे! आत पाय धुतोय!"

वू काका ओल्या पायांनी बाहेर आले. "मी गेलो? कधी?"

"तुम्ही आत व्हा. माझ्या दाराला हिरवा कागद लावतात म्हणजे काय! माझ्या तोंडावर लावा की एकदाच!"

खाणावळीतली नवरी मुलगी रडत होती. तिची सासू कागद ओढत होती, पण तो चिकटला होता घट्ट. आपल्यासारखी मैद्याची खळ नव्हती ती. कसलातरी रासायनिक गोंद होता.

थोड्या वेळाने शेजारच्या तालुक्यातली पहिली बस आली. साठी उलटलेल्या बायका, सगळ्यांना सारख्या टोप्या. कमानीतून आत आल्या आणि थांबल्या. तिकडेही हीच रीत आहे. पुढची बाई हळूच म्हणाली, "एवढी माणसं एकदम गेली? काय झालं असेल हो?"

दुसरी म्हणाली, "खाण्यातून काहीतरी झालं असणार. चला मागे. इथलं पाणीसुद्धा पिऊ नका कुणी."

त्यांची मार्गदर्शक मुलगी झेंडा हलवत मागे धावली. बस गेली. वू काका रोट्यांनी भरलेल्या टोपलीकडे बघत उभे राहिले. माझ्या घशातून हसू बाहेर आलं, दादा. फार वाईट आवाज होता तो. मग मी आत गेले.

लुओ दुपारी आला. चेहरा पांढऱ्या कागदासारखा झाला होता. "काकू, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही फोनमध्ये बघत होतात."

तो म्हणाला, "आमच्याकडे कुणी गेलं की दाराला काहीच लावत नाहीत. हिरवा असा असतो हे मला कुठून कळणार? पण मी विचारलं होतं. तुमच्या दादांना विचारलं होतं. फोटो पाठवून विचारलं, हा मजकूर सगळ्या पेठेत लावू का? ते म्हणाले, कल्पना उत्तम आहे."

मी त्याला जायला सांगितलं. तो निघाला. पण घरी गेला नाही. कामगारांबरोबर संध्याकाळपर्यंत दारं खरवडत होता. साबणाचं पाणी आणि पत्र्याचे तुकडे. आमच्या लोकांनी त्याला चहा विचारला नाही. जिन काकूंनी शेवटी एक रोटी त्याच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, "खा. आणि पुढच्या वेळी म्हाताऱ्यांना विचार."

आपल्या दाराचा हिरवा तेवढा राहिला आहे. आता रांग नाही. लोक त्या दारासमोरून जरा लांबूनच जातात.

लुओला कळायचं काही कारण नव्हतं. तू याच दारात वाढलास. हिरव्याचा अर्थ तू विसरलास, की आठवत असूनही 'उत्तम' म्हणालास? यातलं बरं कोणतं ते मला रात्रभर ठरवता आलं नाही. तूच सांग. आणि अंगठा नको.

सूलान


२० जानेवारी २०१९

दादा,

तुझं उत्तर मिळालं. फोनवरच, पण शब्द होते, म्हणून इथे उतरवते. 'खरंच विसरलो होतो. त्यात एवढं काय? नववर्षाला जमणार नाही, सुनेच्या माहेरचे येणार आहेत. लाल कागद कंपनी लावणारच आहे ना सगळीकडे, मग प्रश्न मिटला.'

मला वाटलं होतं, विसरला असशील तर बरं. तसं नाही. विसरणं जास्त वाईट आहे. जाणूनबुजून केलं असतंस तर निदान तुझ्या डोक्यात आई होती असं म्हणता आलं असतं.

कंपनीने आईला आंघोळ घातली नाही. कंपनी रात्री उठून तिला कुशीवर वळवत नव्हती. मी ते केलं, त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द लिहिला नाही आणि आताही लिहिणार नाही. पण तू तिसऱ्या दिवशी गेलास, दादा. सातव्या दिवसाचा पहिला विधीसुद्धा झाला नव्हता. 'तिकीट आधीच काढलंय,' म्हणालास. मेलेल्या माणसाकडे जाताना परतीचं तिकीट आधी कोण काढतं?

शेवटच्या शरद ऋतूत तिने तुझ्यासाठी बूट शिवले होते. बोटं वाकडी झाली होती, म्हणून सुई मी ओवायचे आणि टाके ती घालायची. जाताना तू ते बाकावर ठेवून गेलास. मी म्हटलं, गडबडीत राहिले असतील. काचेच्या कपाटात ठेवले आणि वर चिठ्ठी लावली, 'विक्रीसाठी नाहीत'.

काल ती चिठ्ठी काढली. लांब उत्तरेकडच्या हार्बिनहून आलेला एक म्हातारा होता, बायकोबरोबर. रबरी बुटांत पाय गारठलेले. त्याने घालून पाहिले. बसले. उठून दोन पावलं टाकली, खाली बघितलं, म्हणाला, "कुणाच्या मापाचे केले होते हे? माझेच वाटतायत."

बायको म्हणाली, "काढू नका आता. घालूनच चला."

तो घालून चालत गेला. पुलाच्या चढावर दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. मला अजिबात वाईट वाटलं नाही. तुला वाटलं तर कळव.

लाल कागद कंपनी लावणार नाही. दार माझंही आहे.

सूलान


४ फेब्रुवारी २०१९

दादा,

आज वर्षाचा शेवटचा दिवस. थंडी कोरडी आहे. सकाळी कोंबडी साफ केली, मुद्दाम बुरशी आणलेला टोफू तळायला काढून ठेवला. दुपारपर्यंत तुझी वाट पाहिली. तू येणार नाहीस हे तूच लिहिलं होतंस आणि तरी मी वाट पाहिली. यापेक्षा जास्त राग मला आज कशाचाच आला नाही.

दुपारी लुओ आला. शिडी नव्हती, माणसं नव्हती. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून त्याने विचारलं, "काकू, यंदा या दाराला कुठला रंग?"

"लाल," मी म्हटलं. "पण तुम्ही लावायचा नाही."

"नाही नाही." त्याने काखेतली गुंडाळी पुढे केली. "नुसता कागद आहे. यावर बँकेचं नाव छापलेलं नाही. लिहून कोण देईल ते तुम्ही बघा." आणि घाईने निघून गेला. इतर सगळ्या दारांवरच्या लाल कागदांवर खाली कागद देणाऱ्या बँकेचं नाव आहे, सोनेरी अक्षरांत.

छंग गुरुजींकडे गेले. त्यांनी शाई घोटली. विचारलं, "थोरला आलाय?"

"नाही."

"मग लावणार कोण?"

मी लाल कागद त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी दोन लांब पट्ट्या लिहून दिल्या आणि वरची आडवी एक. काय लिहिलं आहे ते मी तुला कळवणार नाही.

जिन काकू दारात येऊन बसल्या, आज भट्टी लवकर विझवली होती. म्हणाल्या, "पोरी, तू लाव. कोण काय म्हणणार आहे? तो तिथे बसलाय व्याह्यांबरोबर, त्याला सुया टोचल्या तरी कळायचं नाही."

"मुलीने लावायचा नसतो, काकू."

"मुलाने यायचं असतं," त्या म्हणाल्या. "आता बसू दोघी नियम मोजत."

मग त्या घरी गेल्या, कारण त्यांची नातवंडं आली होती.

मी आईचं पातेलं काढलं. तळवे चिकटवायला ती ज्यात खळ शिजवायची तेच. मैदा, गार पाणी, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. थांबलं की गुठळी होते. ती कायम म्हणायची, खळ चाटून बघावी, चव लागली तर अजून कच्ची आहे. मी चाटली. चव लागली. आणखी ढवळली.

स्टूल बाहेर आणलं. आधी जुना हिरवा उतरवला, फक्त उजवीकडचा. उन्हाने तो जवळजवळ पांढरा झाला होता, हाताने ओढला तशी धूळ होऊन आला. त्या जागी लाल लावला. पहिली ओळ. सरळ आहे की वाकडा हे खालून सांगायला कुणी नव्हतं, म्हणून दर वेळी उतरून रस्त्यापलीकडे जाऊन बघावं लागलं. सरळ आहे.

डावीकडे हात लावला नाही. तिथे हिरवा तसाच आहे. दार उघडं आहे, हाक नाही. दुसरी लाल पट्टी गुंडाळून बुटांच्या रिकाम्या कपाटात ठेवली आहे. वरची आडवी पट्टी दोन्ही बाजू झाल्यावरच लागते, तीही तिथेच आहे. आईला मुलगे दोन नव्हते आणि मुलीही दोन नव्हत्या. माझ्या वाटणीची बाजू मी लावली. तुझी तू लाव. या वर्षी, पुढच्या वर्षी, कधीही. तोवर जाणारे येणारे विचारतील, हे असं अर्धं का? मी त्यांना तुझं नाव सांगेन.

एक जोडपं आत्ताच थांबलं होतं. बाई म्हणाली, "एका बाजूचा विसरले वाटतं." नवऱ्याने तिला दंडाला धरून पुढे नेलं. तो इकडचाच असावा.

पेठेत आता कुणी नाही. सगळे जेवायला बसलेत, फटाक्यांचे आवाज यायला लागलेत. मी फळ्या क्रमाने लावून घेतल्या, शेवटची आतून सरकवली. पातेल्याच्या कडेला खळ वाळायला लागली होती. वाळली की दगडासारखी होते, मग निघत नाही. म्हणून आधी बोटाने पुसून घेतली, मग पातेल्यात गरम पाणी ओतलं आणि ते भिजत ठेवलं.

सूलान